हवा तो रंग

रंगाच्या दुकानात तीस वर्षं बाबा गिऱ्हाइकांना रंग मिसळून देत होते. नमुना म्हणून कुणी भिंतीचा पोपडा आणायचा, कुणी पडद्याची चिंधी. बाबा तंतोतंत तोच रंग करून द्यायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी चित्रं काढायचं ठरवलं. आधी जलरंग आणले, मग तैलरंग, मग रंगीत खडू. महिना झाला तरी कागद कोरा तो कोराच, आणि घरभर नुसती चिडचिड.

शेवटी आई वैतागली. "अहो, किती घोळ घालताय? तुमच्या मनात जो रंग असेल तो लावा आणि मोकळे व्हा."

ब्रश बुडवता बुडवता बाबा थबकले. सवयीने हात पुढे करून म्हणाले,


"नमुना आणलाय का?"