एका रिंगचा फोन

"आई, हे परदेशातले नंबर तुम्ही लावलेत?" बिलावर बोट ठेवून शलाकाने विचारलं.

सासूबाई कोळंबी सोलत होत्या. "एक रिंग वाजून बंद झाली, की मी उलट लावते."

"पलीकडून कोण बोलतं?"

"कोणी नाही. नुसती खरखर. समुद्रावर रेंज नसते ना."

शलाका त्यांच्याशेजारी बसली. चोरच अशी रिंग देतात, आपण उलट फोन लावला की मिनिटामिनिटाला बिल चढतं, असं तिने त्यांना नीट समजावलं.

"पण हर्षलला मीच सांगितलंय," सासूबाई म्हणाल्या. "बोट बंदराला लागली की मिस कॉल दे, उगाच पैसे घालवू नको. दर बंदराला नंबर वेगळा यायचा. गणपतीपासून त्याचा आवाज नाही. यातली एखादी रिंग त्याची नसेल कशावरून?"

बोटीशी संपर्क तुटलाय, यापलीकडे कंपनीही शलाकाला नवऱ्याबद्दल काही सांगत नव्हती. तरी तिने ते सगळे नंबर ब्लॉक केले. पुन्हा उलट फोन लावणार नाही, असं सासूबाईंकडून कबूल करून घेतलं.

दुपारी सासूबाई जरा लवंडल्या होत्या. त्यांचा फोन एकदाच वाजला आणि बंद झाला. नंबर परदेशातला होता, नवा.

शलाका फोन घेऊन मागल्या अंगणात गेली. दार ओढून घेऊन तिने तो नंबर लावला.

पलीकडे नुसती खरखर होती.

"समुद्रावर रेंज नसते," ती स्वतःशीच म्हणाली आणि फोन कानाला लावून उभी राहिली.