मोटेचं कातडं

"वाईच वर धरा," गोजाबाई म्हणाली. जीपच्या पुढच्या चाकाशी ती उकिडवी बसली होती. तिचा नवरा बबनराव मडगार्डाखाली उताणा पडून मोटेचं कातडं दोन्ही हातांनी पत्र्याला दाबून धरत होता. तिनं दाभण आरपार घातलं, वादी ओढून गाठ मारली आणि बाजूला सरली. बबनरावानं पान्यानं शेवटचा बोल्ट आवळला. उजव्या चाकावरचं मडगार्ड आतून पुरतं झाकलं गेलं.

लष्कराच्या लिलावातून आणलेली ही जीप कोरड्या रस्त्यावर वाऱ्यासारखी पळायची. पण निघोज्याहून चाकणला जायचं तर आधी ओढा लागे, आणि पावसाळाभर जीप ओढ्याच्या मधोमध बंद पडे. गावानं तिला बबनरावांची म्हैस असं नाव ठेवलं होतं. बबनरावानं कार्बुरेटर धुतला, पंख्याचा पट्टा काढून पाहिला, इंजिनाच्या प्लगच्या तारांना ग्रीस फासलं. म्हैस पाण्यात बसायची ती बसायचीच. मग गावातलाच अर्जुनराव आपले शर्यतीचे बैल जुंपून तिला काठावर ओढून काढायचा आणि पोट धरून हसायचा.

काठावर धुणं धुताना गोजाबाईनं एकदा नीट पाहिलं. चाक पाणी मागं फेकत नव्हतं. ते मडगार्डाच्या पोटातून थेट इंजिनावर उडवत होतं. त्याच दिवशी तिनं गोठ्यात पडलेली मोट बाहेर काढली. विहिरीवर तेलाचं इंजिन आल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

"आबांची मोट हाय ती," बबनराव कळवळला होता.

"आबांनी तिनं पानी वर काढलं. आपन पानी खाली ठिवू."

आता बबनराव डाव्या चाकाकडं वळणार, तोच अर्जुनरावाचा भाऊ लक्ष्मणराव धापा टाकत आला. त्याचं धोतर रक्तानं माखलं होतं.

"दादाला बैलानं मारलं. मांडीत शिंग घुसलंय. रगत थांबंना. बैलगाडीनं चाकण गाठंस्तवर..." 

बबनरावानं जीपकडं पाहिलं. "एकाच बाजूचं झालंय."

"तारा ज्या बाजूला हायत, त्याच बाजूचं झालंय," गोजाबाई म्हणाली. दाभण तिथंच टाकून ती मागं चढून बसली.

अर्जुनराव अंगणात आडवा होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडलेला, तरी जीप पाहून त्यानं मान हलवली. "ह्या म्हशीत मला घालू नगा. वढ्यात बसली म्हंजी?"

"बसली तर खांद्यावर घिऊन जाईन," गोजाबाई म्हणाली. "उचला वं त्यास्नी."

त्याचं डोकं लक्ष्मणरावाच्या मांडीवर आलं. गोजाबाईनं पदर फाडून जखमेत कोंबला आणि दोन्ही तळव्यांनी सगळा भार त्यावर टाकला. जीप सुटली.

ओढा गढूळ आणि भरलेला होता. काठावर गाव जमलं होतं. बबनराव थांबला नाही. पुढची चाकं पाण्यात गेली आणि पाणी कातड्यावर आदळू लागलं, धप्प, धप्प. एक दगड उडून आतल्या आत आपटला. पाणी चाकाच्या निम्म्यावर आलं. बबनराव समोरच्या चढावरची नजर हलवत नव्हता. मधोमध, नेहमीच्या जागी, इंजिन खोकलं. लक्ष्मणरावानं डोळे मिटून घेतले. गोजाबाईनं हात हलवले नाहीत, फक्त कान दिला.

इंजिन पुन्हा एकदा खोकलं आणि मग एकसुरी घुमू लागलं.

पुढची चाकं चिखलात रुतली, घसरली, परत धरली. जीप नाक वर करून चढ चढू लागली तसा अर्जुनरावानं कोरडा पडलेला गळा ताणला. शर्यतीच्या घाटात, धावपट्टीवर, बैल सुटताना जी आरोळी उठते तीच त्यानं दिली.

"भिर्रर्र!"

मागच्या काठावरून अख्ख्या गावानं तिला आरोळीनंच जबाब दिला. लक्ष्मणराव रडता रडता हसत होता.

चाकणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शीर बांधली, टाके घातले. बाहेर येऊन हात पुसत ते म्हणाले, "वेळेत आणलंत. जखमही चांगली दाबून धरली होती. माणूस वाचला."

 ते ऐकल्यावर मात्र गोजाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली. रक्तानं माखलेले दोन्ही हात तिनं लुगड्यापासून लांब धरले होते. बबनराव समोरच्या हॉटेलातून चहा घेऊन आला. भर बाजारपेठेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्यानं कप तिच्या ओठांशी धरला आणि ती पिईपर्यंत तसाच धरून उभा राहिला.

लक्ष्मणराव भावाजवळ राहिला. ही दोघं ऊन कलल्यावर परत निघाली. गोजाबाई आता पुढं, नवऱ्याच्या शेजारी बसली होती. फाटका पदर तिनं कमरेला खोचला होता.

गाव ओढा ओलांडून चाकणच्या बाजूला वाट पाहत उभं होतं. "वाचला! अर्जुनराव वाचला!" बबनराव लांबूनच ओरडला. काठावरची माणसं जीपकडं धावली, बोनेटवर थापा मारू लागली. कुणी वाकून चाकाच्या वर हात घालून बघत होतं. बबनरावाला गाडी थांबवावी लागली.

"थांबलात कशापाई?" गोजाबाई म्हणाली.

"मानसं हायत म्होरं."

तिनं मान बाहेर काढली. "व्हा बाजूला. भिजाल."

माणसं हसली. मग धोतरं सावरत, लुगडी आवरत, सगळी मागं सरली. ओढ्यापर्यंतची वाट मोकळी झाली.