रविवारचं न्हाणं

लेकीच्या पुण्याबाहेर मांजरी गावातल्या नव्या सोसायटीत टँकरचं पाणी. म्हणून नम्रता दर रविवारी केस धुवायला बुधवार पेठेत माहेरी येते. मी तिच्या डोक्याला तेल चोळते, ती सासूची गाऱ्हाणी सांगते. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो.

परवा ती बाथरूममध्ये गेल्यावर जावई हळूच म्हणाले, “आई, मी सांगितलं म्हणू नका हं. आमच्याकडे आता नळाला दिवसभर पाणी असतं. पण हे कळलं तर तुम्ही ‘कशाला हेलपाटा घालतेस’ म्हणाल, असं तिला वाटतं.”

मी बाथरूमच्या दाराकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला.


“मग तुम्हीही तिला सांगू नका, सुदर्शनराव. आमच्याकडेच हल्ली रविवारी पाणी नसतं. तिच्या बादल्या मी शनिवारी भरून ठेवते.”