नऊ नंबरची सुई

शीतलने साक्षीदारापुढे एक सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ ठेवलं.

“ओवून दाखवा.”

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले. न्यायाधीशांनी हातानेच त्यांना बसायला सांगितलं.

महेमूद टेलर चौसष्ट वर्षांचे. टेंभुर्णीत रस्त्याला लागून त्यांचं दुकान. समोरच्या रस्त्यावर गावातल्या संघपालला जीपने उडवलं तेव्हा ते मशीनवर बसलेले होते. जीप बबलू चालवत होता, असं त्यांनी सकाळीच शपथेवर सांगितलं होतं. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. बबलूची वकील शीतल होती.

त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई खिडकीच्या उजेडात धरली. दोरा नेढ्याच्या बाजूने गेला. पुन्हा तसाच गेला. चौथ्या वेळी नेढं वर आहे की खाली, हे त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

“नऊ नंबरची हाय,” ते म्हणाले.

“दिसतं की नाही?”

“न्हाई दिसत. पण साहेब, लांबचं...”

“विचारलं तेवढंच सांगा. स्वतःच्या हाताने शेवटची सुई कधी ओवली?”

“झाले असतील पंधरा-सोळा साल.”

“मग दुकानात कोण ओवून देतं?” हे न्यायाधीशांनी विचारलं.

महेमूदांनी शीतलकडे पाहिलं. तिने कागदांत पाहिलं.

“गावातल्या पोरी, साहेब. शाळेतून घरी जाता जाता.”

पाचवी ते दहावी शीतल रोज संध्याकाळी त्या दुकानात दहा सुया ओवून कापडाच्या गादीला टोचून ठेवायची. उद्याच्या कामाला पुरतील एवढ्या.

सरकारी वकिलांनी फाईल बंद केली. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं. लांबचं तेवढंच स्वच्छ राहू शकतं. एक प्रश्न पुरला असता. तो समोरून येईल म्हणून शीतलने त्यावरचं उत्तर वहीत लिहून आणलं होतं. ते पान उलटायची वेळच आली नाही.

बाहेर पायऱ्यांवर तिच्या सिनिअरांनी तिला थांबवलं. “सोमवारपासून ऑफिसच्या पाटीवर तुमचंही नाव. बबलूच्या वडलांची, भुजंगरावांची बाकीची कामंही तुम्हीच बघा. ते एकदम खूश आहेत.” तिच्या पुढच्या केसचा पुकारा दहा मिनिटांत होणार होता. ती चहाला म्हणून फाटकाकडे निघाली.

“शीतल, थांब.”

फाटकाजवळच्या लिंबाखाली महेमूद बसले होते. शेजारी संघपालची बायको, दैवशाला. दोघं सकाळच्या एकाच गाडीने आले होते.

“डाव्या खांद्याची शिवण उसवलीय मागून,” ते म्हणाले. “पायऱ्यांवर साहेबांशी बोलून राह्यली होती, तवा दिसली.”

शीतलने वळून पाहिलं. पायऱ्या तिथून साठेक पावलांवर होत्या. दुकानापासून रस्ता वीस पावलांवर होता. घटनास्थळाच्या नकाशात तसं लिहिलेलं होतं.

“काढून दे कोट.”

“वेळ न्हाई, चाचा. पुकारा होईल.”

“मंग अंगावरच घेतो. तसंच जाशील काय जजसमोर? कोट माझ्या हातचा हाय, लोकं मला नावं ठेवतील.”

त्यांनी शर्टाच्या खिशाच्या पट्टीतून सुई काढली, पिशवीतून काळा दोरा काढला. शीतलने हात पुढे केला. महेमूदांनी सुई दैवशालापुढे धरली. तिने एका दमात ओवून परत दिली.

अंगावरचा कपडा शिवायचा तर घालणाऱ्याने दातांत दोरा धरायचा आणि शिवण होईपर्यंत बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची जुनी रीत. महेमूदांनी बोटभर दोरा तोडून तिच्या हातात दिला. तिने तो दातांत धरला आणि पाठ फिरवली. दैवशाला उठून तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

सुई कापडातून जाताना बारीक आवाज येत होता.

“गाडी बबलूच चालवून राह्यला होता,” मागून महेमूद म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. “अंगात लाल टी-शर्ट. एका हातात फोन. संघपाल साइडनं चालला होता, बिलकुल साइडनं.”

टाका. पुन्हा टाका.

“लांबचं मला बराबर दिसतं, बेटा. तुला तर म्हायती होतं न्हाई?”

दैवशाला तिच्या तोंडाकडे पाहत होती.

महेमूदांनी गाठ मारली, दोरा तोडला, शिवणीवरून अंगठा फिरवला. “झालं. जा जल्दी.”

इमारतीतून पुकारा ऐकू आला. शीतल भराभर चालत गेली, पायऱ्या चढली, आपल्या जागेवर उभी राहिली.

“आरोपीतर्फे कोण?” न्यायाधीशांनी वर न बघता विचारलं.

त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि मान वर केली. दोरा अजून तिच्या दातांत होता.