शाल्मलीचं मागणं

शेजारच्या अक्कांकडून मागून आणलेली कात्री भाग्यलक्ष्मीनं मांडीवर ठेवली आणि शाल्मलीला पाटावर बसवलं.

घरात कात्री कधी हाताला लागायची नाही. सासूबाई सुरी-कात्री आपल्या ट्रंकेत कुलपात ठेवायच्या. म्हाताऱ्या माणसांच्या एकेक सवयी.

आज दोघीच होत्या. सासूबाई, तानूबाई, डोळे तपासायला शिवाजीनगरला गेलेल्या. नवरा, दयानंद, त्यासाठी रजा टाकून घरी थांबणार होता, पण ऐनवेळी इंदिरानगरच्या ऑफिसातून फोन आला. निघताना तो दारात दोनदा घुटमळला होता.

शाल्मलीच्या डाव्या कानामागे जट होती, दोरखंडासारखी. साडेचार वर्षांत तिथं कंगवा लागला नव्हता. जावळसुद्धा काढलं नव्हतं.

"देवीचं हाय. हात लावायचा न्हाई," तानूबाई म्हणायच्या.

तिचं डोकं त्याच धुवायच्या, रात्री कुशीतही त्याच घ्यायच्या. जट आलेल्या मुलीला पूर्वी गावाकडे, अथणीत, देवीला कसं सोडायचे, ते भाग्यलक्ष्मीला ठाऊक होतं. एकदा मुलगी देवीची झाली की आईची उरत नाही. एम.कॉम. होऊन शहरात, एचएसआर लेआउटमध्ये राहूनही तिचा जीव त्या भीतीनं टांगलेला असे.

सुरुवातीला भाग्यलक्ष्मीला त्यावर काही बोलताच आलं नव्हतं. बाळंतपणानंतर ताप डोक्यात गेला, असं सगळे सांगत. ते आठ-नऊ महिने तिला आठवत नसत; आठवायच्या त्या दवाखान्याच्या हिरव्या भिंती. ती घरी परतली तेव्हा शाल्मलीला जट आलेली होती.

म्हणून तर मे महिन्यात हट्टानं सगळ्यांना इंडोनेशियाला, दिएंगच्या पठारावर नेलं. डोंगरमाथ्यावरचं ते थंड, धुक्यातलं गाव. उतारांवर बटाट्याची शेतं, रंग बदलणारं तळं, अर्जुन-भीमाच्या नावांची दगडी देवळं. "हितंबी पांडव?" म्हणत तानूबाईंनी हात जोडले होते.

उकळत्या चिखलाच्या विवरापाशी भाग्यलक्ष्मीनं शाल्मलीला कडेवर घेतलं, तशी दयानंदनं लगेच हात पुढे केले. "दे इकडे. दमशील."

उतरले होते त्या घरच्या बाईनं आपल्या मुलीचा जुना फोटो दाखवला. डोक्यावर तीन जटा. तिथल्या काही मुलांना ताप येऊन गेला की जट येते, ती म्हणाली. मूल स्वतः म्हणेल तेव्हाच ती कापायची आणि ते मागेल ते द्यायचं. नाही दिलं तर जट परत येते. तिच्या मुलीनं शेळी मागितली होती. शेळी अंगणात पाला खात उभीच होती.

"लई हुशार पोरगी!" तानूबाई हसल्या होत्या.

"आत्ती, आपली शाल्मली स्वतः म्हणाली तर?" भाग्यलक्ष्मीनं सासूबाईंना विचारलं.

तानूबाईंचं हसू मावळलं. शाल्मलीला जवळ ओढून म्हणाल्या, "म्हणू दे की. मग बघू."

आणि आज सकाळी शाल्मली म्हणाली होती, "आई, खाजतंय. काप ना हे."

"कापते. पण आधी सांग, काय हवं तुला? शेळी?"

"शेळी शी करते." शाल्मलीनं नाक मुरडलं. मग हळूच म्हणाली, "मला तुझ्याजवळ झोपायचंय."

भाग्यलक्ष्मीनं तिला पोटाशी धरलं.

"सरी, चालेल," ती म्हणाली. "आजपासून."

आता हातातली कात्री बोथट निघाली. जट सुटून मांडीवर पडली, मेलेल्या चिचुंद्रीसारखी.

खाली केस नव्हते. कानामागून टाळूपर्यंत टाक्यांचा पांढरा, वेडावाकडा वण होता.

तिनं सासूबाईंना फोन लावला.

"आत्ती, काय केलंत माझ्या पोरीला?"

पलीकडे रिक्षाचा आवाज. "कापलीस?"

"एवढी मोठी जखम! देवीचं नाव पुढं करून माझ्यापासून लपवलीत?"

"तुझ्यापासनंच लपवायची होती, बाई. तुझा ताप डोक्यात गेला तवाची हाय ती." आवाजात राग नव्हता. "दयानंद कुठाय?"

"ऑफिसात. दोघीच आहोत आम्ही."

"अण्णा, बेग! लवकर चला!" तानूबाई रिक्षावाल्यावर ओरडल्या. मग तापलेल्या लेकराला समजवावं तशा हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "भाग्या, माझं ऐक. ती कात्री खाली ठेव. आन् पोरीला अक्कांकडं पाठीव."