पालथा टाक

अजिंक्यपदाच्या लढतीत घोडपदेवच्या धर्मानं समोरच्याला दोनदा लोळवलं, तरी पंचांनी हात वर केला तो समोरच्याचाच. बॉक्सिंगवेडा बुधाजी घसा बसेपर्यंत भांडला. बाकीचे तिथूनच संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेले. हा एकटा तणतणत खोलीवर आला आणि सवयीनं देवांच्या कोनाड्यात हात घातला. धर्मा हरला की बुधाजी खंडोबाचा चांदीचा टाक पालथा घालायचा आणि जेवणाची वेळ टळेपर्यंत देवाला फैलावर घ्यायचा. पण बौद्ध झाल्यावर त्यानंच आपल्या हातानं देव समुद्रात सोडले होते. बोटांना नुसता भंडारा लागला. “तिथं कुणी नाय आता,” बायको जाईबाई म्हणाली. “निकाल पंचांनी दिलाय, खंडोबानं नाय.” “ठाऊक हाय गं,” पिवळ्या बोटांकडं बघत बुधाजी पुटपुटला. “पण त्यो ऐकून घ्यायचा.” स्टोव्ह बंद करून जाईबाई कोनाड्याखाली येऊन बसली. “सांगा. पहिल्या फेरीपासून.”