बाभळीचा गडी

"ह्याला हात लावायचा न्हाई!" गजराबाई म्हणाली आणि लाकडाच्या गड्यापुढं आडवी उभी राहिली.

गडी चांगला पुरुषभर उंच. बाभळीच्या ओंडक्यातून तिच्या नवऱ्यानं, राघूनं, कुणाकडं न शिकता पटाशीनं काढलेला. हातात काठी, मान जराशी वाकडी, आणि चेहरा असा करडा, की बघणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. राघूनं जन्मात घुबडं, कासवं, बाया, बाप्ये कितीक कोरले. त्यातली ही एकच वस्तू बायकोच्या कामी आली होती. उसाच्या कडेला मेंढरांच्या कुंपणापुढं गडी उभा केला आणि बिबट्या तिकडं फिरकायचा थांबला. त्याआधी दोन कोकरं गेली होती. गजराबाई त्यांच्यासाठी जेवायची राहिली होती.

पुण्याच्या इंद्रायणीबाई राघूची लाकडं जमवायच्या. त्यांच्या घरात सोफ्यापेक्षा राघूची घुबडंच जास्त. आज त्या जीप घेऊन पिंपरी पेंढारला आल्या होत्या, आणि त्यांना हाच गडी पाहिजे होता.

"बाई, असाच दुसरा करून दितो की, कोरा करकरीत!" राघू म्हणाला.

"दुसरा नको. ऊनपाऊस खाल्लेला हाच हवा. राघू, तुमच्या हातून याच्याहून मोठं काम झालेलं नाही."

झालं! राघू हरभऱ्याच्या झाडावर चढला. "घिऊन जा," म्हणाला.

"आन् मेंढरं कोन राखनार? तुमची कला?" गजराबाई कडाडली.

"नवा हुईस्तवर मी हुबा ऱ्हातो."

"ऱ्हाताल?"

"शबूद दिला."

गजराबाई बाजूला झाली. चौघांनी गडी उचलून जीपमध्ये आडवा केला, खाली पोतं घातलं, वर दोर आवळला. लेक सासरी निघाल्यागत राघूचे डोळे भरून आले. ते पुसायलाही बायकोनं सवड दिली नाही. खांद्यावर घोंगडी टाकली, हातात काठी दिली आणि हनुवटी धरून त्याची मान फिरवली.

"आनखी वाकडी. आन् तोंड जरा रागीट करा."

दिवस मावळायला शेजारचा गेणभाऊ बांधावरून घराकडं चालला होता. कुंपणापाशी थबकला. खालीवर निरखून बघितलं आणि चुकचुकला.

"वैनी, जुना इकला व्हय? ह्यो नवा लई घाईत केल्याला दिसतोय. त्याची सर न्हाई बगा ह्याला."

राघूच्या अंगाचा तिळपापड झाला. आता तोंड उघडणार, तोच बायको कानाशी पुटपुटली, "हलू नगा! उसातनं बघत आसंल बिबट्या."

मग गेणभाऊकडं वळून तिनं मोठा सुस्कारा टाकला.

"न्हाईच सर, भाऊ. पर आता हाय त्यावरच भागवायचं."